तात्यांनी नावं ठेवलेली बंदूक

आमच्याकडे बैलबाजारात एक रीत आहे. जो बैल मनात भरला त्याच्याकडे धड बघायचं नाही. शेजारच्याचे दात बघायचे, त्याच्या पाठीवर थाप मारायची, त्याचं तोंडभरून कौतुक करायचं, आणि मनातल्या बैलाला जाता जाता नावं ठेवायची. शिंग वाकडं आहे, चाल आखूड आहे, डोळ्यात खोड दिसते. हेडी, म्हणजे बैलांचा व्यापारी, हे ऐकून मनात समजतो की गिऱ्हाईक पक्कं आहे. ज्याला बैल खरंच नको असतो तो नावं ठेवण्यात वेळ घालवत नाही. ही रीत दोन्हीकडच्यांना ठाऊक असते, म्हणून बाजार चालतो.

माझे थोरले चुलते या विद्येत वाघ होते. त्यांना सगळा गाव तात्या म्हणायचा. अडचण एवढीच की तात्यांनी ही रीत बाजारातून घरीही आणली. काकूंच्या हातचं पिठलं आवडलं की मीठ जास्त झालेलं असायचं. मी अंबाजोगाईहून बी.ए. होऊन आलो तेव्हा पेढा तोंडात टाकत म्हणाले, आता ह्याचा औताला बी उपयोग न्हाई. मला राग यायचा. मी मुळातच तापट. सोसायटीच्या सभेत चेअरमनशी माझी वाजली नाही असा महिना जायचा नाही, आणि घरी आलो की तात्या म्हणायचे, भांडता तरी नीट येतं का ह्याला.

तात्यांना नाद एकच होता, बदकांचा. परळीहून धर्मापुरीकडे जाताना आमच्या गावचा तलाव लागतो. दिवाळी झाली की थंडीबरोबर तिथं पाखरं उतरायची. चोचीवर लाल-पिवळा ठिपका असलेली हळदीकुंकू, पसरट चोचीचे थापटे, जोडीनं हिंडणारे चक्रवाक. तेव्हा परवाना असला की बदकांच्या शिकारीला आडकाठी नव्हती. तात्यांकडे निजामाच्या काळापासूनची ठासणीची बंदूक होती. वरून दारू भरा, छर्रे भरा, गजानं ठासा, मग एक बार. तो चुकला की दुसरा बार भरेपर्यंत पाखरं धर्मापुरीचं देऊळ बघून यायची.

मग दुष्काळ पडला. तलाव आटला, मग भेगाळला. त्याच्या पोटातला गाळ काढायच्या कामावर गावातली माणसं जात होती आणि आमच्या घरचीही गेली. शिरूर कासारकडची माणसं तर दर साल ऊस तोडायला जातातच, त्या वर्षी आमच्याकडच्यांनीही कोयता उचलला. पाखरं येणार कुठून? ठासणीची बंदूक खुंटीला गंजली आणि तिची नळी चिरली. त्याच वर्षांत तात्यांच्या डोळ्यांवर सारा धरायला लागला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, एक कच्चा आणि एक पिकत आलेला.

पाऊस परतला आणि तलाव भरला तेव्हा तात्यांनी घरात जाहीर केलं की पंपाची बंदूक घ्यायची. नळीखालची लाकडी मूठ मागे ओढून पुढे ढकलली की रिकामं काडतूस बाहेर पडतं आणि नवं आत बसतं, अशी बंदूक त्यांनी एकदा कुण्या जहागीरदाराच्या हातात पाहिली होती. एकामागून एक बार. त्यांचं गणित सरळ होतं, आणि त्यांनी ते मला एकट्याला सांगितलं.

"डोळं चाललंत. एका बारात आता मारता यायचं न्हाई. दोन-चार हिवाळं हायत हातात, तेवढं ह्या बंदुकीवर निघतील."

गावभर चेष्टा झाली. ज्याला त्याला सोसायटीकडून विहिरीवर पंप हवा होता आणि तात्यांना खांद्यावर. काकू दोन दिवस बोलल्या नाहीत. पण कारखान्याकडून उसाचं बिल आलं, कचेरीतून खरेदीची परवानगी मिळाली, आणि तात्या मला घेऊन परळीहून हैदराबादच्या गाडीत बसले. मला कशाला, तर पिशवी धरायला, असं त्यांनी डब्यातल्या सगळ्यांना सांगितलं.

दुकान जुनं होतं. मालक पिकल्या दाढीचे, बोलण्यात कमालीचे नम्र. आमच्या ऐपतीत बसतील अशा तीन बंदुका त्यांनी गादीवर मांडल्या. एक नवी देशी एकनळी, एक जुनी विलायती दुनळी, आणि तिसरी पंपाची, कुण्या नवाबाच्या घरातून आलेली. पंपाची असून ती स्वस्त होती, कारण तिला कुणी विचारत नव्हतं.

तात्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि मी समजून गेलो. त्यांनी एकनळी उचलली, तिच्या लाकडावरून हात फिरवला, वजनाची वाहवा केली. मग दुनळीची विचारपूस. शेवटी, आता आलोच आहोत तर हे बी बघू, अशा सुरात पंपाची उचलली. ती खांद्याला लावून डाव्या हातानं मूठ मागे ओढली, पुढे ढकलली. खटक-खटक असा तेल दिलेल्या कुलपासारखा आवाज आला. तात्यांचा चेहरा क्षणभर असा झाला की मीच दुसरीकडे पाहिलं.

आणि मग ते सुरू झाले. तोंडाला जड आहे. मूठ खुळखुळते. खांद्याकडचा लाकडी दस्ता बदललेला दिसतो. नळीचा रंग उडालाय. कागदी काडतूस पाण्याकाठच्या ओलीनं फुगलं की हिच्यात अडकणार, मग बदकांपुढं उभं राहून काय टाळ्या वाजवायच्या? मोडली तर सुटा भाग कुठल्या मुलखातून आणायचा? तात्या रंगात आले होते. इतकी नावं त्यांनी आयुष्यात कुठल्या बैलाला ठेवली नव्हती. इतकं त्यांना काहीच हवं झालं नव्हतं.

मालकांनी शांतपणे सगळं ऐकलं. दर दोषाला मान डोलावली. मग बंदूक तात्यांच्या हातून अलगद घेतली, पिवळ्या फडक्यानं पुसली, कपाटात ठेवली आणि किल्ली फिरवली. छातीवर हात ठेवून म्हणाले,

"आप बराबर बोले, साब. जो चीज आपके दिल को नहीं भायी, वो मैं आपकू बेचतूँ तो मेरेकू गुनाह लगता."

हेडी असता तर इथं खरा सौदा सुरू झाला असता. शेवटचा डाव म्हणून तात्या उठले, चपला घातल्या आणि बाहेर पडले. बाजारात गिऱ्हाईक असं निघालं की व्यापारी मागून हाक मारतो. आम्ही रस्त्यानं चालू लागलो. तात्यांची चाल मंदावत गेली. पानाच्या ठेल्यापाशी ते थांबले, उगाच सुपारी घेतली, अडकित्त्याचा आवाज ऐकत उभे राहिले. हाक आली नाही. भल्या माणसानं त्यांचा शब्द खरा मानला होता.

मी म्हणालो, "तात्या, चला, सरळ सांगू की तीच पायजे."

"ज्या तोंडानं नावं ठेवली त्याच तोंडानं?" तात्या म्हणाले. "न्हाई व्हायचं माझ्यानं."

मी सांगतो म्हटलं, तर मनगट धरून मला जागीच थांबवलं. परवानगीची मुदत संपत आली होती, रिकाम्या हातानं परत जाणं शक्य नव्हतं. आम्ही परत गेलो आणि जिचं कौतुक केलं होतं ती एकनळी घेतली. मालकांनी तात्यांच्या पारखीची तारीफ केली, चहा पाजला. परतीच्या गाडीत तात्या खिडकीशी बसून होते. परळीच्या वीजकेंद्राची धुराडी दिसेपर्यंत ठेल्यावरची सुपारी चघळत राहिले.

त्या हिवाळ्यात आम्ही पहाटे तलावावर जायचो. एरंडाच्या आडोशाला बसायचं, पाण्यावर धुकं असायचं, आणि त्याच्या आतून बदकांची कुजबुज यायची. एवढं शांत मला पुढं कुठंच वाटलं नाही. थवा उठला की तात्या बार काढायचे. कधी एखादं पडायचं, बहुतेकदा नाही. बार चुकला की मी त्यांच्या डाव्या हाताकडे बघायचो. तो हात नळीखालच्या लाकडावर आपोआप मागे सरकायचा. तिथं ओढायला काही नव्हतं. मग तात्या बंदूक मधून उघडून काडतूस बदलायचे, तोवर आभाळ रिकामं झालेलं असायचं.

घरी कुणी आलं की ते या एकनळीचं कौतुक करायचे. काय वजन, काय नेम. एवढं चांगलं त्यांनी आमच्यापैकी कुणाबद्दलच बोललेलं मी ऐकलं नव्हतं, आणि ते ऐकताना मला फार वाईट वाटायचं. मग एकदा ताटावर बसलो असताना माझ्या डोक्यात उजेड पडला की या घरात आवडत्या गोष्टींना नावं ठेवतात, आणि सगळ्यांत जास्त नावं मला आहेत.

दोन हिवाळे निघाले. तिसऱ्या साली डोळ्यांचं ऑपरेशन झालं, त्यातला एक डोळा गेला आणि दुसऱ्याला फक्त उजेड कळायचा. तात्यांच्या दोन्ही मुली सासरी. परवाना माझ्या नावावर करून द्यायचं त्यांनीच काढलं. बंदूक सरकारात जमा होऊ द्यायची नाही, एवढीच त्यांची इच्छा राहिली होती.

बीडला कचेरीत साहेबांनी आम्हा दोघांना समोर बसवलं. साहेब शहरातले, तरुण. माझ्याकडे बघून त्यांनी तात्यांना विचारलं की हा पुतण्या सभेत भांडणं काढतो, चेअरमनच्या अंगावर धावून गेला होता असं कानावर आलंय. अशा माणसाच्या हातात बंदूक द्यावी का? तुमचं काय म्हणणं?

तात्यांनी घसा खाकरला. हे खाकरणं मी ओळखत होतो. बैलासमोर उभे राहिले की सुरू करण्याआधी ते असंच खाकरायचे. आता हे मला नावं ठेवणार, साहेब खरं मानणार, आणि कपाटाची किल्ली फिरणार. टेबलावरचा तात्यांचा डावा हात हळूच मागे सरकला.

"साहेब," ते म्हणाले, "ह्याच्यात खोड न्हाई. लई चांगला हाय."

खोड हा शब्द बैलबाजारातला आहे हे साहेबांना ठाऊक नसावं. त्यांनी मान डोलावली आणि सही केली. मला समोरचं काही नीट दिसेना. चाळिशी गाठलेला माणूस मी, पण कचेरीच्या व्हरांड्यात भिंतीकडं तोंड करून उभा राहिलो.

तात्या दाराची चौकट चाचपत बाहेर आले. पायऱ्यांपाशी थांबले. चपलेच्या टोकानं पहिली पायरी शोधत म्हणाले, "तुला पायऱ्या तरी नीट उतरता येत्यात का रे?"

मी म्हणालो, "न्हाई येत. तुमी धरा मला."

त्यांनी माझा खांदा धरला, आणि आम्ही खाली उतरलो.