नाव नीट ठेवा

डब्लिनजवळच्या चेरीवूडमधल्या आमच्या ऑफिसात कुणी काही बोललं, की आमच्यातले एक ज्येष्ठ गृहस्थ चष्मा कपाळावर सरकवून म्हणत, "आधी नाव नीट ठेवा." पुण्याहून आलेला माणूस नावं ठेवतो यात नवल ते काय, असं तुम्ही म्हणाल. पण यांच्या नावं ठेवण्याला चिनी तत्त्ववेत्त्या कन्फ्यूशियसची बैठक होती. प्रत्येक गोष्टीला तिच्या खऱ्या नावाने हाक मारली की मन निवळतं, हे त्यांनी संध्याकाळच्या कुठल्याशा वर्गात ऐकलं आणि आमच्या मनांचा गाळ उपसायला घेतला.

मीटिंगमध्ये कुणी 'चॅलेंज' म्हटलं, की हे लगेच, "चूक आहे ती. चूक म्हणा." आमच्या आयरिश मॅनेजरला सगळंच 'ग्रँड', म्हणजे झकास. सर्व्हर बंद पडला तरी ग्रँड. या एका शब्दापायी अख्ख्या देशाचं मन गढूळ झालंय, असं ते डबा खाताना मला पटवून देत.

चिनी वळणाच्या कविताही करत. त्यांत निर्मळ चंद्र लागतो. डब्लिनच्या आभाळात तो मिळेना, तेव्हा त्यांनी कारपार्कमधला दिवा घेतला.

"सर, दिव्याला चंद्र म्हटलंत?" मी विचारलं. मग बरेच दिवस ते एकटेच जेवत होते.

पुढे माणसं कमी करणार, अशी कुजबुज सुरू झाली. पन्नाशीत नवी नोकरी कोण देतो, ही धास्ती त्यांच्या चेहऱ्यावर दिसायची. एका सकाळी मॅनेजरने त्यांना केबिनमध्ये बोलावलं. आम्ही कान टवकारले. आता नाव नीट ठेवलं जाणार!

दार उघडलं. "धिस इज जस्ट अ ट्रान्झिशन, ओके?" मॅनेजर म्हणाला.

"ग्रँड," हे म्हणाले.

लिफ्टपाशी त्यांनी मला गाठलं. "घरी मी याला वर्क फ्रॉम होम म्हणणार आहे. हिला बीपीचा त्रास आहे. तुम्ही कृपा करून नाव नीट ठेवायला जाऊ नका."

एरवी मी पोट धरून हसलो असतो. त्या दिवशी मी तसा शब्द दिला.

मंडळाच्या गणपतीत वहिनी एकट्याच भेटल्या. दिल्या शब्दाला जागून मी विचारलं, "सरांचं घरून काम कसं चाललंय?"

"नोकरी गेलीये त्यांची," प्रसाद हातावर ठेवत त्या म्हणाल्या. "लेकीच्या जुन्या लॅपटॉपसमोर बसून असतात दिवसभर. मी पाय न वाजवता चहा ठेवून येते. मीटिंग चालू असेल ना!"

"त्यांना बोलला नाहीत काही?"

"नाही हो. मी नाही नावं ठेवत."