दगडूअण्णांची रिकामी बिल्डिंग

दगडूअण्णांची ओळख मला माझ्याच वेंधळेपणानं करून दिली. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. नवीन जालन्यात स्टेशनच्या बाजूला सहा फ्लॅटची एक बिल्डिंग बांधून तयार होती आणि त्यातला एकही फ्लॅट खपत नव्हता. घरांचे भाव पडलेत असं ऐकून एका मे महिन्यात मी ती बघायला गेलो. फक्त बघायला, घ्यायचं धाडस माझ्यात कधीच नव्हतं. तिसऱ्या मजल्यावर जिन्याजवळचा नळ सोडून पाहिला. लाईट गेलेली, पाणी आलं नाही. जाणकारासारखं "हं!" म्हणालो आणि नळ तसाच उघडा ठेवून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी बँकेत माझ्या खिडकीपुढं धोतरातले एक साठीचे गृहस्थ उभे राहिले. काखेत ओलीचिंब सतरंजी. बिल्डरच्या माणसाकडून त्यांनी माझा ठावठिकाणा काढला होता.

"तिसऱ्या मजल्यावरचा नळ तुमीच सोडून गेल्ता न्हवं?"

मागच्या रांगेनं कान टवकारले. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी माझा हातच धरला.

"लई उपकार झाले साहेब! सकाळी लाईट आली, मोटर चालू झाली, अन् पाणी जिन्यावरून धो धो खाली. मी जिन्यापाशीच निजल्तो. दोन घंटे पाहत बसलो. बोअर आटला न्हाई."

"दोन तास? अहो, मग नळ बंद का नाही केला?"

"बंद केला असता तर कळलं कसं असतं?"

अण्णा वडीगोद्रीचे. रस्त्याकडेची सगळी जमीन विकून ही अख्खी बिल्डिंग घ्यायला निघालेले, आणि घेण्याआधी आठ दिवसांपासून तिच्यात सतरंजी टाकून राहिलेले. मी थक्क होऊन विचारलं, या मंदीत कशाला? ते म्हणाले, "जमीन आमी उन्हाळ्यातच पाहतो. पावसाळ्यात समद्याच विहिरी भरलेल्या. आता घरांचा उन्हाळा चालू हाय, म्हून पाहून राह्यलो."

त्यांचा मुलगा विष्णू मात्र बिथरला होता. घरात जमीन तेवढीच. "अण्णा, पायाखालची काळी विकून हवेतलं घर घेता? उद्या रिकामं राह्यलं तर खायाचं काय, विटा?" अण्णांनी खरेदी केली आणि विष्णूनं त्यांच्याशी बोलणं सोडलं. ज्या गावात तो मालक होता, तिथंच दुसऱ्याचं रान बटईनं, निम्म्या वाट्यावर, करू लागला.

आणि बिल्डिंग रिकामीच राहिली. दोन वर्षं! मी कुतूहलानं अधूनमधून जायचो. अण्णा रोज सकाळी सहाही घरांच्या खिडक्या उघडायचे, एकेक नळ सोडून बघायचे, मग प्रत्येक घरात थोडा वेळ भिंतीला टेकून बसायचे.

"हे काय अण्णा?"

"रिकामं राह्याची सवय लागती घराला. म्हून समद्यांत थोडं थोडं राहतो."

एकदा मला म्हणाले, "वरचं घर तुमी घ्या. घेतलं त्या भावात देतो." मी बँकेतला शहाणा. म्हटलं, "थांबू अण्णा. भाव अजून पडतील."

"भाड्यानं किती वर्षं झाले राहता?"

"अकरा."

"मंग तुमचा भाव कधी पडायचा?"

मी थांबलो. भाव थांबला नाही. बियाण्यांच्या कंपन्यांत बाहेरगावची माणसं आली, त्यांना बारमाही पाणी असलेली घरं हवी होती, आणि एका उन्हाळ्यात चार घरं भरली. तळमजल्यावरचं एक अण्णांनी स्वतःला ठेवलं. सहाव्यात, तिसऱ्या मजल्यावर, आम्ही गेलो. अर्थात भाड्यानं. लेकरांच्या शाळेसाठी विष्णूही येऊन तळमजल्यावर अण्णांपाशी राहिला. पण बापाशी बोलणं "जेवा" आणि "गोळी घ्या" एवढंच.

अण्णा अंथरुणाला खिळले तेव्हाही मे महिनाच होता. खाट दाराशी, जिन्याकडे तोंड करून. मला म्हणाले, "वरचा नळ सोडून या की. पाणी चढतंय का पाहू." मी वर जाऊन सोडला. लाईट नव्हती, थेंब आला नाही. खाली येऊन गप्पांत बसलो आणि नळाचं साफ विसरलो.

तासाभरानं जिन्यावरून पाणी आलं. पायरी-पायरीनं, उंबऱ्यावरून थेट खाटेखाली. मी ओशाळून उठलो, तर अण्णांनी नुसता हात वर केला. राहू दे. विष्णू फडकं घेऊन धावत आला. बापाचा चेहरा पाहून थबकला. मग फडकं बाजूला टाकून तो त्या ओल्या फरशीवरच बसला, पाण्यात हात ठेवून.

"चढलं की हो, अण्णा," तो म्हणाला. "मे महिना हाय अन् बराबर चढलं."

"मी कुठं काय म्हणलो," अण्णा म्हणाले, आणि बापलेक हसले.

त्याच आठवड्यात अण्णा गेले. दहाव्याहून परतल्यावर वर जाताना जिन्याजवळचा तो नळ मी दोनदा पिळून बंद केला. हिनं मागून पाहिलं. म्हणाली, "जन्मात एकच काम तुम्ही दोनदा बरोबर केलंत, तेही विसरून."