उलटा वळलेला हेलिक्स

मी रेणूंच्या फिल्म बनवते. म्हणजे प्रोटीनचा रेणू कॉम्प्युटरवर फिरवायचा आणि औषधाचा कण त्याच्या खोबणीत जाऊन बसताना दाखवायचा. आई शेजारणींना सांगते, "पोरगी कार्टून करते." सांगू दे.

अंधेरीच्या लॅबमध्ये तीन वर्षं हेच केलं. फिल्म परिषदांत दाखवायच्या आमच्या लॅबप्रमुख मॅडम, खाली नाव लॅबचं. मला ते खुपायचं, खोटं कशाला बोलू? एकदा परिषदेच्या आदल्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "या वेळी खाली तुझं नाव टाक गं." मी हवेतच.

नावाची जागा डाव्या कोपऱ्यात ठरलेली, आणि नेमकं तिथेच प्रोटीन. कॅमेरा सरकवून सगळ्या फ्रेम पुन्हा काढायच्या म्हणजे अख्खा दिवस. मी शहाणीने एडिटिंगमध्ये चित्र आडवं फ्लिप केलं, डावं ते उजवं. जागा झाली, नाव बसलं, झकास! मॅडमनी चारदा पाहिली आणि पास केली.

दुसऱ्या दिवशी मला सुट्टी. आरेतून बसने मावशीकडे जाताना फोनवर स्वतःचंच नाव पुन्हा पुन्हा बघत होते. तेवढ्यात हेलिक्सकडे लक्ष गेलं. हेलिक्स म्हणजे प्रोटीनमधली स्प्रिंगसारखी वळणं. अंगठा वर करून उजवी मूठ धरली की बोटं वळतात, तशीच ती वळतात. मी सवयीने मूठ धरली, तर जुळेना. डाव्या हाताची जुळली. अरे देवा! हा तर आरशातला रेणू, कुठल्याही जिवंत शरीरात नसलेला. वाट लागली.

अर्ध्या तासात मॅडमचं भाषण होतं. गप्प बसले असते तर नाव पडद्यावर आलं असतं, आणि कदाचित कोणाला कळलंही नसतं. तरी फोन लावला. "मॅडम, मी चित्र फ्लिप केलं. हेलिक्स उलटा आहे."

त्या म्हणाल्या, "अगं, मीपण चारदा पाहिली ना." आणि फोन ठेवला.

भाषण मी बसमध्येच फोनवर लाइव्ह ऐकलं. "एक फिल्म दाखवणार होते," त्या म्हणाल्या, "पण ती बनवताना माझ्याकडून चूक झाली." पुढचं सगळं त्यांनी फळ्यावर काढून समजावलं.

लॅबमध्ये सगळे म्हणाले, बाईंनी तुला सांभाळून घेतलं. घेतलंच, नाही कोण म्हणतंय? पण त्या दिवशी मला इतका राग आला की मावशीचा स्टॉप गेलेलाही कळला नाही. फिल्मवरचं माझं नाव कोणी पाहिलं नाही. चूक तेवढी माझी होती, तीपण त्यांच्या नावावर गेली.