चांगुणाबाईचा दम

गावात अशी बोलवा होती की चांगुणाबाईला मंत्र येतो. साधासुधा नाही, कबड्डीचा. तिचा गोटीराम चढाईला निघाला की बाई मैदानाच्या दोरीला चिकटून उभी राहते, डोळे ताणते, ओठ भराभरा हलवते आणि समोरचे दांडगे गडी जागच्या जागी खुंटासारखे उभे राहतात! रबाळ्याच्या एका पोराने तर शपथेवर सांगितलं होतं, "बाईनी ओठ हलवला नि माझ्या मांडीत गोळा आला."

आता त्या पोराच्या मांडीत गोळा आला होता तो आदल्या रात्री हळदीत उजाडेपर्यंत नाचल्यामुळे. आणि बाईच्या ओठांत मंत्र होता हे खरं, पण तो एकच. "कबड्डी कबड्डी कबड्डी." चढाईला पोरगा जायचा एकटा, पण दम दोघांचा लागायचा.

कारण गोटीरामला दमा होता. पाळण्यात असल्यापासून थंडी पडली की त्याची छाती चुलीवरच्या किटलीसारखी वाजायची. आणि धाकट्या गोजराला साखरेचा आजार. तिला रोज सुई टोचायची. सुईचं औषध थंड राहावं म्हणून बाटली प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माठाच्या गळ्याला बांधलेली, आणि पाणी प्यायला आलेला प्रत्येक पाहुणा विचारायचा, "ह्यो माठाला ताईत कसला गो?"

एकाला वारा पुरत नाही, दुसरीला साखर मानवत नाही आणि दोघांचंही बूड जमिनीला टेकत नाही. गोजरा सापडायची ती चिंचेच्या शेंड्यावर, फ्रॉकच्या खिशात चिक्की घेऊन. हात थरथरायला लागले की चिक्की तोंडात टाकायची, हा आईचा हुकूम. हात थरथरत नसतानाही टाकायची, हा गोजराचा.

शेजारणी येऊन सांगायच्या, "बसवून ठेव गो पोरांना. आजारी हायत."

"बसवून?" चांगुणाबाई कमरेवर हात ठेवायची. "ते काय गनपती हायत? आनि गनपतीला तरी कुठं बसू देता तुमी? धा दिसांनी नाचवतच नेता ना!"

वाशीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई मात्र तिच्या बाजूच्या. त्यांचं बोलणं मोजूनमापून, जणू प्रत्येक शब्द कापसात गुंडाळून देतायत. "खेळू दे हो त्याला. मैदानात उतरण्याआधी पंप ओढायचा. आणि थांबायचं केव्हा, ते त्याचं त्याला कळायला हवं."

चांगुणाबाईने यातलं 'थांबायचं केव्हा' तेवढं उचललं आणि 'त्याचं त्याला' दवाखान्याच्या पायरीवरच सोडून आली. थांबायची वेळ तिने आपल्याच अंगावर घेतली. गोटीरामबरोबर दोरीबाहेर उभी राहून तीही दम धरायची. मिठागरात पाट्या वाहिलेली बाई, तिची छाती म्हणजे भाता! गोटीरामच्या 'कबड्डी'तला 'ड्डी' जरासा बारीक झाला, त्यात शिट्टी मिसळली, की ती मांडीवर थाप मारायची. फाट! आणि पोरगा जिथे असेल तिथून माघारी.

हे असंच चाललं असतं. पण यंदा, शहाऐंशी साली, गोटीरामची गावाच्या संघात निवड झाली आणि कर्णधार नंदकुमारने सांगितलं, "जत्रेचा सामना झाला की संघ बाहेरगावी खेळायला जानार. आयशीला बरोबर न्यायची सोय नाय हां!"

चांगुणाबाई त्या दिवशी जेवलीच नाही. बाहेरगावी थाप कोण मारणार?

त्यात जत्रेच्या सामन्यात पंच गंगारामकाका. काकांचा आवाज एसटीच्या भोंग्यासारखा, आणि नजर त्याहून वाईट. त्यांनी मंत्राचं बिंग बरोबर ओळखलं. शिट्टी तोंडातून काढून ओरडले, "वैनी! भायरून शिकवनी चालनार नाय! ओठ हलला नायतर हात वाजला, का गुन तिकरं!"

तिकडे म्हणजे ऐरोलीच्या संघाला. अख्खं मैदान खदखदलं.

"चांगुणामावशी आणि गप्प?" तिच्या शेजारी उभ्या असलेल्या, गावात सगळ्यांच्या नकला करणाऱ्या अस्मादिकांनी लगेच जाहीर केलं, काकांच्याच भोंग्यात. "एक चढाई तरी गप्प राहून दाखव. पैज!"

"लाव. हरलीस तर आठ दिस कोनाची नक्कल नाय."

"आणि तू हरलीस तर खाडीतल्या निवट्यांचं कालवण."

"ताट धुवून वाट बघ," बाई म्हणाली.

शेवटची चढाई, गुण सारखे, आणि नाव पुकारलं गोटीरामचं. त्याने पंप ओढला, मातीला हात लावला आणि निघाला. "कबड्डी कबड्डी..." चांगुणाबाईचे ओठ सुटणार इतक्यात तिने गोजराच्या खिशात हात घातला आणि चिक्कीची आख्खी वडी तोंडात कोंबली.

"आये, माजी चिक्की!"

"उंऽऽ!" एवढंच आलं. दातांना दात चिकटले.

"ऱ्हाऊ दे, दुसऱ्या खिशात अजून हाय," गोजरा म्हणाली.

राहिले हात. बाई मातीत फतकल मारून बसली आणि दोन्ही हात मांड्यांखाली घातले.

गोटीरामने उजव्या कोपऱ्यातला गडी टिपला. गर्दी उठली. डावीकडचा हाताच्या अंतरावर, अगदी पिकल्या आंब्यासारखा. "कबड्डी कबड्डी..." आणि शिट्टी आली. बारीक. ती आम्हाला ऐकू आली, तर आईला आलीच. मांड्यांखाली हात तडफडत होते. नंदकुमार किंचाळला, "घे, त्याला पन घे!"

गोटीरामने दोरीकडे पाहिलं. तिथे आई, बेडकासारखे गाल फुगवून, स्वतःच्या हातांवर बसलेली.

फाट!

गोटीरामने स्वतःच्याच मांडीवर थाप मारली, पिकला आंबा झाडावर सोडला आणि उडी मारून रेषेअलीकडे आला. दम शाबूत, गुण एक. तेवढाच हवा होता.

नंदकुमारने त्याला खांद्यावर घेतलं. तिथूनच गोटीरामने पंप मागितला. चांगुणाबाईने उठून तो दिला. चिक्की विरघळली तशी पहिली वाक्यं बाहेर आली, "त्याचं त्याला कललं गो! जाऊ दे आता त्याला, जाऊ दे!" आणि रडत, हसत तिने गोजराची दुसरी चिक्कीही मागितली. मिळाली नाही.

मग आमच्याकडे वळून तिने ओठांवर बोट ठेवलं.

गंगारामकाकांचं 'गुन तिकरं' तेव्हापासून जिभेच्या टोकावर येतंय आणि दातांवर आपटून परत जातंय. पण हरलेली पैज तोंडाने नक्कल न करण्याची होती. हाताने करू नये असं कोणी म्हणालं नव्हतं, म्हणून हे लिहायला घेतलं. चांगुणाबाई दारातून ये-जा करते, कागदाकडे संशयाने बघते आणि मांडीवर थाप मारते. फाट! थांबायचं केव्हा, ते माझं मला... फाट!