फसलेल्या तासाचे तात्या

“मला हे शिकवता येत न्हाई,” असं तात्या तीस-पस्तीस शिक्षकांसमोर उभं राहून म्हणायचे आणि म्हणताना त्यांचा आवाज जराही खाली जात नसे. नोकरीची तीस वर्षं झालेला शिक्षक, डोक्यावर पांढरी टोपी, हातात तिसरीच्या मुलाची चुरगळलेली वही. “हातच्याची वजाबाकी. चार दिस शिकिवली. ह्या पोराला आली न्हाई. तुमी सांगा, माझं कुठं चुकलं.” नवीन आलेल्या शिक्षकांना वाटे, म्हातारा गंमत करतोय. ते हसायचे. तात्या थांबायचे, हसणं संपू द्यायचे आणि पुन्हा तेच विचारायचे.

तुम्ही दोघा नातवंडांनी तात्यांना पाहिलेलं नाही. गेल्या दिवाळीनंतर ते गेले. तुमच्या आईनं फोनवर विचारलं, “कोण तात्या?” तेव्हा मला दोन वाक्यांत सांगता येईना, म्हणून सगळं क्रमानं लिहिते आहे. आपल्या जिल्ह्यात दहा-बारा गावांच्या शाळा मिळून एक केंद्र असतं. अशा एका केंद्राची मी प्रमुख होते. तालुक्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. महिन्यातून एकदा केंद्रातले सगळे शिक्षक एका शाळेत जमायचे, त्याला शिक्षण परिषद म्हणायचं. माझं सगळं शिक्षण नगरच्या कॅम्पात इंग्रजीतून झालं. मला टापटिपीची सवय. अकरा म्हणजे अकराला सुरुवात, विषयपत्रिका, हजेरी, आणि संध्याकाळी इतिवृत्त लिहून तयार. पण परिषदेत व्हायचं काय? मी परिपत्रकं वाचायची आणि शिक्षकांनी मांडीवरच्या मोबाईलमध्ये पाहायचं.

एकदा चहाच्या वेळी तात्या माझ्याजवळ आले. “बाई, परिपत्रक ग्रुपवर आलंय, समद्यांनी वाचलंय. तुमचा घसा कशाला दुखवता? आमी एकमेकांचं बघू की. दर महिन्याला एकानं आपला फसलेला तास सांगायचा.” मी म्हटलं, फसलेला कशाला, चांगला झालेला सांगावा. ते म्हणाले, “चांगला झालेला ऐकून टाळ्या वाजवत्यात. शिकत कोनी न्हाई.”

ज्या शाळेत परिषद असेल तिथले शिक्षक आदल्या दिवशी फळ्यावर रंगीत खडूनं ‘सुस्वागतम्’ लिहायचे, भोवती वेलबुट्टी काढायचे. तात्या आले की पहिल्यांदा डस्टर घेऊन ते पुसायचे. “पाव्हणं कोन हाय हितं?” असं विचारायचे. ज्या बाईंनी दोन तास खपून वेलबुट्टी काढलेली असे त्यांचा चेहरा पडे. मग तात्या त्यांनाच खडू देत आणि म्हणत, “आता ह्यावर तुमच्या पोरांनी काय चुकवलं ते लिवा. अक्षर तुमचं झ्याक हाय.”

शिक्षकांनी येताना वर्गातल्या सर्वांत कच्च्या मुलांच्या वह्या आणायच्या, असा त्यांचा आग्रह होता. हुशार मुलाची वही कुणी आणली तर न उघडता परत देत. त्यांचे वडील बैलांची पारख असलेले शेतकरी होते. तात्या सांगत, “घोडेगावच्या बाजारात आमचा बाप दात बघितल्याशिवाय बैलाचा दोर हातात घेत नव्हता. आन आमी तक्त्यातली बरोबरची खूण बघून पोरगं वरच्या वर्गात ढकलतो.” तक्ता म्हणजे किती मुलं वाचतात, किती अडखळतात याचा दर महिन्याला वर पाठवायचा कागद. त्यात सगळ्यांची सगळी मुलं नेहमी वाचत असत.

फसलेला तास सांगून झाला की पहिली दहा मिनिटं कुणी सल्ला द्यायचा नाही, फक्त प्रश्न विचारायचे, हाही नियम त्यांचाच. आमच्याकडे एक शिंदे सर होते, त्यांच्या तोंडात सल्ला तयारच असे. तात्या हात वर करून त्यांना थांबवायचे. “शिंदे सर, दम काढा. तुमचा सल्ला काय नासतोय व्हय? सल्ला द्यायला अक्कल लागत न्हाई, इचारायला लागती.” शिंदे सर सगळ्यांत मोठ्यानं हसायचे, आणि दोन मिनिटांनी पुन्हा सल्ला देऊ लागायचे.

मला मात्र त्यांनी पहिल्याच महिन्यात एक गोष्ट बाजूला घेऊन सांगितली होती. “बाई, इतिवृत्तात काय ठरलं तेवढंच लिवा. कोन काय म्हनलं ते नको. खोलीतलं खोलीत राहू द्या, मगच मानूस बोलतो.” मी हो म्हटलं, आणि दीड वर्ष ते पाळलं.

त्या हिवाळ्यात सारिकाची पाळी आली. ही शेवगावकडची मुलगी, आईवडील ऊसतोडीला जाणारे. घरात पगाराची नोकरी लागलेली ही पहिलीच. शिक्षणसेविका म्हणून तिचं तिसरं वर्ष चालू होतं. ते नीट पार पडलं तर ती कायम होणार होती, नाहीतर घरी. ती उभी राहिली आणि बराच वेळ ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

“माझ्या तिसरीतली सहा मुलं वाचत नाहीत,” ती म्हणाली. “त्यांना धडे पाठ आहेत. परवा एका मुलीच्या पुस्तकाची दोन पानं एकदम उलटली गेली. तरी ती आधीचाच धडा घडाघडा वाचत राहिली. मग मी बाकीच्यांना तपासलं. सहा निघाली.” मग तिनं पुढचं सांगितलं. “तक्त्यात मी सगळी वाचतात असं लिहिलंय.”

तात्यांनी विचारलं, “त्यातलं अक्षर कुनाला कळतं, कुनाला अजिबात न्हाई, ते बघितलं का?” मग दुसऱ्यानं विचारलं, मग तिसऱ्यानं. त्या दिवशी शिंदे सरांनीसुद्धा प्रश्नच विचारला. दोन तासांत त्या सहा मुलांसाठी सहा वेगळ्या वाटा फळ्यावर मांडल्या गेल्या. माझ्या सगळ्या नोकरीत शिक्षकांना इतकं मन लावून एकमेकांचं ऐकताना मी पाहिलं नव्हतं.

आणि तिथंच मी चुकले. इतकं चांगलं घडलं त्याची कुठेतरी नोंद राहायला हवी, असं मला वाटलं. इतिवृत्तात मी कौतुकानं लिहिलं की श्रीमती अमुक यांनी आपल्या वर्गातील सहा विद्यार्थ्यांना वाचन येत नसल्याचे व तक्त्यात तसे नमूद नसल्याचे प्रामाणिकपणे मांडले, त्यावर उद्बोधक चर्चा झाली. दर महिन्यासारखी एक प्रत तालुक्याच्या शिक्षण ऑफिसात गेली. तिथं ‘प्रामाणिकपणे’ हा शब्द कुणी वाचला नाही. सहा हा आकडा वाचला.

तीन आठवड्यांनी सारिका माझ्याकडे आली ती कारणे दाखवा नोटीस घेऊन. खोटी माहिती सादर केल्याबद्दल सेवा का समाप्त करू नये? कागद टेबलावर ठेवून ती उभीच राहिली. “त्या दिवशीचं बाहेर गेलं, बाई. सगळे म्हणतात, तात्यांनीच सांगितलं. ते त्या आठवड्यात तालुक्याच्या ऑफिसात दोनदा दिसले होते.” तात्या पेन्शनच्या कागदांसाठी गेले होते, हे मला ठाऊक होतं. “मी त्यांच्यावर विश्वास ठेवून बोलले,” ती म्हणाली.

मी तिला बसायला सांगितलं. पाणी दिलं. खुलासा कसा लिहायचा ते समजावलं. जे सांगायचं होतं ते सांगितलं नाही.

पुढचे आठ दिवस मला नीट जेवण गेलं नाही. शिक्षकांच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, ‘घरभेद्यांपासून सांभाळून.’ त्याखाली पाच-सहा अंगठे. तात्यांनी वाचलं होतं, पण उत्तर दिलं नाही. मी तीनदा उत्तर लिहिलं आणि तीनदा पुसलं. माझ्या निवृत्तीला सहा महिने राहिले होते, चौकशी लागली तर काय, असा विचार मनात येत होता. हे तुम्हाला सांगताना बरं वाटत नाही. पण गाळलं तर तात्या कळणार नाहीत.

मग तात्यांचा फोन आला. “बाई, त्या महिन्याच्या इतिवृत्ताची प्रत तुमच्याकडं हाय का?”

“आहे.”

मग ते म्हणाले, “बरं. शुक्रवारी परिषदेत भेटू.” त्यांनी ती प्रत मागितली नाही.

शुक्रवारी तालुक्याचे साहेब स्वतः आले. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांच्याकडेही वरून तक्ते मागितले जात होते. सारिकाचा खुलासा त्यांच्या फायलीत होता, आणि शिक्षकांसमोरच तिला दोन प्रश्न विचारून निर्णय कळवणार, असं त्यांनी सांगितलं. सारिका दाराजवळ बसली होती. तात्यांच्या दोन्ही बाजूंच्या जागा रिकाम्या होत्या. कुणी वही आणली नव्हती.

साहेब बोलायला लागणार एवढ्यात तात्या उठले. “साहेब, आमच्यात एक रीत हाय. आधी एकजन आपला फसलेला तास सांगतो. दहा मिनिटं द्या.” मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “आज पैली पाळी बाईंची.”

मी उभी राहिले. मी म्हणाले, “त्या दिवशीचं तात्यांनी कुणाला सांगितलं नाही. मी लिहून पाठवलं. लिहू नका असं त्यांनी मला बजावलं होतं. आणि नोटीस आल्यावर मला कळलं, तरी मी आठ दिवस गप्प राहिले.” सारिकानं माझ्याकडे पाहिलं नाही. शिंदे सर खाली बघत होते. साहेबांनी विचारलं, “हे लेखी द्याल, बाई?” मी देईन म्हटलं.

तात्या अजून उभेच होते. “साहेब, ह्या पोरीनं तोंड उघडलं नसतं तर ती सहा पोरं सातवीपर्यंत तशीच गेली असती. जी बोलली तिला नोटीस. जे गप बसलेत त्यांचं काय? माझ्या वर्गात चार हायेत. मीबी तक्त्यात वाचत्यात म्हनून लिवलंय. घ्या लिवून.”

मला वाटलं, आता आणखी कुणीतरी उठेल. साहेबांनाही तसं वाटलं असावं, त्यांनी खोलीवरून एकदा नजर फिरवली. कुणी उठलं नाही. कुणाचा तरी मोबाईल वाजला आणि घाईनं बंद झाला. साहेबांनी पेन काढलं आणि तात्यांचं नाव लिहून घेतलं.

सारिकाचा खुलासा मान्य झाला. जूनमध्ये ती कायम झाली. मला एक समज देणारं पत्र आलं. तात्यांची, नोकरीचं शेवटचं वर्ष उरलेलं असताना, अकोले तालुक्यातल्या डोंगरातल्या एका शाळेवर प्रशासकीय कारणास्तव बदली झाली. त्या शुक्रवाराशी बदलीचा संबंध होता असं कागदावर कुठेही नव्हतं.

निरोपाला शाल-श्रीफळ झालं. ग्रुपवर अंगठे देणारेच भाषणं करून गेले. सारिका शेवटी पुढे आली. “तात्या, माझ्यामुळं तुम्हाला...” ते मध्येच म्हणाले, “ते राहू दे. पोरं वाचाया लागली का?”

“चार लागली.”

“मग दोनच राह्यली की.” एवढं म्हणून ते शाल घडी करायला लागले. माझ्याशी ते नेहमीसारखंच बोलले, प्रकृतीचं विचारलं. त्या गोष्टीचा विषय त्यांनीही काढला नाही आणि मीही नाही.

पुढच्या परिषदेत फसलेला तास सांगायला कुणी उठलं नाही. मी दहा मिनिटं वाट पाहिली आणि परिपत्रक वाचायला घेतलं. मी निवृत्त होईपर्यंत तसंच चाललं.

निवृत्तीनंतर दोन महिन्यांनी तात्यांचा अकोल्याहून फोन आला. “बाई, हितं आमी परिषदेत फसलेला तास सुरू करतोय. पर कोन तोंड उघडत न्हाई. मी माझं सांगून बघितलं, तर म्हनत्यात, तात्या, तुमचं काय, तुमी चाललात घरी. तुमी या. तुमचं सांगा.”

“माझं म्हणजे?”

“त्या इतिवृत्ताचं.”

मी म्हटलं, “तात्या, मला त्याची लाज वाटते. अनोळखी लोकांपुढे कशाला?”

“म्हनूनच,” ते म्हणाले. “यश्टी संगमनेरवरनं हाय. स्टँडवर कुनालातरी धाडतो.”

मी गेले. दोन खोल्यांची शाळा, बाहेर धुकं, आत सतरंजीवर वीस-बावीस शिक्षक. तात्या कोपऱ्यात भिंतीला टेकून बसले होते, आधीपेक्षा वाळलेले. मी कोण, मी काय लिहिलं, एका मुलीची नोकरी कशी जायला आली होती आणि आठ दिवस मी काय केलं, हे सगळं क्रमानं सांगितलं. आठ दिवसांशी आल्यावर मी थांबले, तेव्हा कुणी मदत केली नाही, तात्यांनीही नाही. मी पुन्हा सुरुवात केली आणि शेवटपर्यंत गेले.

सांगून झाल्यावर खोली तशीच गप्प राहिली. मला वाटलं, फुकट गेलं. मग मागच्या भिंतीजवळचा एक तरुण शिक्षक, उठून उभा न राहताच, जमिनीकडे बघत म्हणाला, “माझ्याकडं नऊ आहेत.”

मी तात्यांकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघतच नव्हते. ते सरकत सरकत त्या तरुणाच्या शेजारी जाऊन बसले होते.

“नावं सांगा,” ते म्हणाले. आणि तो एकेक मुलाचं नाव सांगू लागला.