थंड हवेतले वीस हॉर्सपॉवर

नागसेन रोकडेच्या गॅरेजला पाटी नव्हती. धामणकर नाक्यावरून आत वळलं की बंद पडलेल्या सायझिंगची लांबलचक भिंत लागायची. सायझिंग म्हणजे लूमवर चढवण्याआधी सुताला खळ लावून वाळवायचा कारखाना. त्या भिंतीला टेकून नागसेनची पत्र्याची शेड होती आणि समोरच्या चाळीत पहिल्या मजल्यावर माझी खोली. गॅलरीत खुर्ची टाकून बसले की त्याचा सगळा कारभार पहिल्या रांगेतून बघावा तसा दिसायचा.

मी रंगभूमीवर चाळीस वर्षं काढली, पण मोठ्या नाट्यगृहांत फारशी नाही. जत्रेत गावची हौशी मंडळी नाटक बसवत. त्यांना नायिका बाहेरून आणावी लागे, ती मी. अंबाडी, वाडा, भिवंडीच्या भोवतालची सगळी गावं मी या पायांनी तुडवली. तिथे एक गोष्ट शिकले. ज्या नायकाला आपल्या पदाची खात्री नसे, तो पुढच्या रांगेत आपले मेहुणे बसवी. पद संपायच्या आधीच मेहुणे ओरडत, ‘वन्समोअर!’ तो बिचारा छाती फुगवून पुन्हा गाई आणि त्याला खरंच वाटे की गाव खूश आहे. असे नायक मी डझनावारी पाहिले. म्हातारपणी मोटारसायकलींच्या धंद्यात तेच पाहायला मिळेल असं मात्र वाटलं नव्हतं.

दोन हजार पाच-सहाची गोष्ट. जमिनी गोदामांना गेल्या आणि पोरांच्या बुडाखाली मोटारसायकली आल्या. आल्या त्या आल्या, पण कंपनीने दिलेली गाडी चालवणं म्हणजे यांना कमीपणा. सायलेन्सर कापायचा, स्टिकर लावायचे, कार्ब्युरेटर उघडायचा आणि मग नाक्यावर उभं राहून, ‘माझी अठराची हाय,’ ‘माझी एकोणीसची हाय.’ म्हणजे एकोणीस हॉर्सपॉवर. कोणी मोजली? कोणीच नाही. मेहुण्यांनी सांगितलं.

मोजणारा माणूस सबंध भिवंडीत एकच होता, आणि त्याच्याकडे जायला हे सगळे घाबरत.

नागसेन आधी लूमचा फिटर होता. अठ्ठेचाळीस लूम एकदम धडधडत असताना कुठल्या लूमचा धोटा, म्हणजे आडवं सूत नेणारी नळी, उशिरा सुटतोय ते तो दारातून सांगायचा. कारखाना बंद झाल्यावर तो मोटारसायकलींकडे वळला. लोक म्हणत, नागसेन कानाने इंजिन ट्यून करतो. त्याला ही स्तुती शिवीसारखी लागे.

“कान खोटं बोलतो, ताई,” तो मला म्हणाला होता. मला तिथे सगळे ताईच म्हणतात. “ज्याची गाडी, त्याला आपलं इंजिन गोडच ऐकू येतं. मोजल्याशिवाय काही खरं नाही.”

म्हणून त्याने मोजायचं यंत्र स्वतः बनवलं. सायझिंगच्या भंगारातून एक भलामोठा लोखंडी रोलर आणला, काट्यावर नेऊन त्याचं वजन केलं आणि शेडमागे खड्डा खणून बेअरिंगवर बसवला. मोटारसायकलचं मागचं चाक त्या रोलरवर ठेवायचं, गाडी चामडी पट्ट्यांनी जखडायची. पट्टेही लूमचेच, धोटा फेकणारे. मग पूर्ण रेस द्यायची. तेवढा जड रोलर एका वेगापासून दुसऱ्या वेगापर्यंत किती सेकंदांत पोचतो ते घड्याळावर बघायचं आणि जुन्या आयटीआयच्या वहीत गणित मांडायचं. जितके सेकंद कमी, तितकी ताकद जास्त. इंग्रजीत याला डायनो म्हणतात. नागसेन ‘रोलर’ म्हणायचा.

दीपेश पहिल्यांदा आला तो दोन मित्रांना घेऊन. दीपेश म्हणजे केसरीनाथशेठांचा मुलगा. बायपासजवळची त्यांची भातशेती आता सात गोदामं होऊन उभी होती. पोरगा मनाने वाईट नव्हता, पण लहानपणापासून कोणी ‘नाही’ म्हटलेलं त्याने ऐकलंच नव्हतं. पहिल्या मोजणीत त्याच्या एकशे ऐंशी सीसीच्या गाडीचा आकडा निघाला पंधरा.

“पंधरा? अरे हट्! चाक सरकतंय तुझ्या रोलरवर,” दीपेश म्हणाला. “थांब, वजन टाकतो.”

आणि त्याने ते दोघे मित्र मागे बसवले. चांगले खात्यापित्या घरचे. टायर बसला दबून. नागसेनने पुन्हा रेस दिली, घड्याळ पाहिलं, गणित केलं.

“तेरा पॉइंट आठ.”

“कमी कसा झाला?”

“शेठ, टायर चेपला की ताकद टायर मळण्यात जाते. अजून दोघं बोलवा, बारावर आणतो.”

मी गॅलरीत इतकी हसले की दीपेशने वर पाहिलं. तोही हसला. हे त्याचं मला आवडायचं. हसता यायचं त्याला.

पुढे वर्षभर दीपेश नागसेनकडेच येत राहिला आणि मग त्याने घोषणा केली की तो खरंखुरं डायनो आणणार, परदेशी, कॉम्प्युटरवालं. बायपासवर काचेचा हॉल बांधला. नागसेनला म्हणाला, “उस्ताद, मशीन तुझ्या ताब्यात. चावी तुझ्याकडे.”

मशीन आलं त्या दिवसाचा नागसेन मला आठवतो. मला बघायला घेऊन गेला. त्याने हात पँटला पुसले, रोलरवर तळवा ठेवला आणि काही वेळ उचललाच नाही. मशीनमधून प्रत्येक गाडीचा कागद छापून यायचा. वर ताकदीची रेघ, खाली गाडीचा नंबर आणि सगळ्यात खाली ‘ट्यूनर’ असं लिहून एक मोकळी ओळ.

“इथे माझी सही,” तो म्हणाला. “आयुष्यभर बिलावरसुद्धा सही केली नाही मी. ताई, आता जे मी बघितलं ते कागदावर, आणि कागदाखाली मी.”

त्या माणसाला एवढंच हवं होतं. ते मशीन आणि ती ओळ.

उद्घाटनासाठी दीपेशच्या गाडीवर नागसेन तीन आठवडे राबला. हॉलचं शटर उघडं, इंजिनसमोर मोठा पंखा, बाहेर भिवंडीचं एप्रिलचं ऊन. पडद्यावर आकडा आला सतरा पॉइंट सहा; सहीचा कागद उद्घाटनालाच निघायचा होता. पंधराचे सतरा पॉइंट सहा! जाणत्याने नागसेनचे पाय धरावेत असा आकडा. पण दीपेशचा चेहरा पडला.

कारण बॅनर छापून झाला होता.

माझा यावर विश्वास बसेना, म्हणून मी स्वतः रिक्षा करून बायपासपर्यंत जाऊन तो पाहिला. वीस फूट लांब. त्यावर नऊ जणांचे चेहरे, प्रत्येकाच्या डोळ्यांवर काळा चष्मा, मध्ये दीपेशची मोटारसायकल आणि तिच्यावर लाल अक्षरांत ‘भिवंडीची पहिली २० हॉर्सपॉवर’. गाडी मोजायच्या आधी आकडा छापणारी ही माणसं. लग्नाआधी बारशाची पत्रिका काढावी तशी! आणि त्या नऊ चेहऱ्यांपैकी एकालाही विचारावंसं वाटलं नाही की हे वीस आणले कुठून.

उद्घाटनाला सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. हौसेने गेले. नऊवारी नेसले, केसांत अबोली माळली. हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि अंगावर काटा आला. थंडीने. शटर बंद, चार एसी सुरू, भिंतीवरच्या गरमीच्या काट्यावर अठरा डिग्री. बाहेरच्या मांडवात जागा न मिळालेले सगळे पाहुणे आत बसून कुडकुडत होते आणि कौतुक करत होते. मशीनच्या कॉम्प्युटरवर बसला होता दीपेशचा चुलतभाऊ भाविक. याने कॉम्प्युटरचा तीन महिन्यांचा कोर्स केलेला, त्यामुळे घरात शास्त्रज्ञ.

नागसेन मागे उभा होता. त्याला गाडीला हात लावू दिला नव्हता.

गाडी गरजली, रोलर फिरला, पडद्यावर रेघ चढली. भाविकने कागद काढून माझ्या हातात दिला. मी माइक घेतला. आवाज कसा टाकायचा हे मला कोणी शिकवायला नको. एक क्षण थांबले, सगळ्यांवर नजर फिरवली आणि खालच्या पट्टीतून वर नेत म्हटलं, “वीस... हॉर्स... पॉवर!”

टाळ्या! शिट्ट्या! मागून कोणीतरी ओरडलं, “ताई, पुन्हा एकदा!” आणि मी पुन्हा एकदा म्हटलं. मेहुण्यांना हसणारी मी, त्या दिवशी मीच मेहुणी झाले.

तेवढ्यात नागसेन कॉम्प्युटरजवळ पोचला होता.

“भाविक, खोलीची गरमी किती टाकलीस?”

“बेचाळीस.”

“आणि खोलीत किती आहे?”

भाविकने एसीकडे पाहिलं.

हा प्रकार मला नंतर समजला. थंड हवा दाट असते, इंजिनाला चार दाणे जास्त मिळतात, आकडा आपोआप वाढतो. गरम हवेत तो घटतो, म्हणून मशीन खोलीची गरमी विचारून घेतं आणि तेवढी भरपाई करून देतं. या शहाण्यांनी थंड हवेचंही खाल्लं आणि गरम हवेची भरपाईही उचलली. वर ठिणगीची वेळ अलीकडे ओढली होती आणि पेट्रोलची धार बारीक केली होती. एवढं सगळं करून ते वीस.

दीपेशने कागद नागसेनपुढे धरला. “सही कर, उस्ताद. फोटोवाला थांबलाय.”

“हा माझा आकडा नाही.”

“मशीनचा तर हाय ना!”

“मशीनला तुम्ही खोटं सांगितलंत, ते बिचारं खरं मानून बसलं.” मग हळू आवाजात, “शेठ, ही गाडी अशी उन्हात काढू नका. धोटा वेळेआधी सुटला तर सूत तुटतं. ठिणगी वेळेआधी पडली तर पिस्टनच्या डोक्यावर हातोडा बसतो. इथे थंडीत कळत नाही.”

केसरीनाथशेठ सोफ्यावरून उठून आले. पांढरे कपडे, गळ्यात साखळी, पण बोलणं अजून शेताच्या बांधावरचं. “अरं बाबा, सही कर ना. पाव्हनं बसल्यात. दोन अक्षरांनी तुजा काय झिजतंय?”

“तेवढीच आहेत माझ्याकडे, शेठ.”

“मंग चावी ठेव.”

नागसेनने खिशातून मशीनची चावी काढली, कॉम्प्युटरच्या टेबलावर ठेवली आणि शटरच्या खालच्या छोट्या दारातून वाकून बाहेर पडला. माझ्या हातात माइक होता. मी पुढचं नाव पुकारलं, सत्कारासाठी.

त्यानंतर मिरवणूक निघाली, अंबाडीपर्यंत जाऊन परत यायची. चौदा मोटारसायकली, पुढे दीपेश, गळ्यात हार, दुपारचे बारा. ट्रकांच्या धुरातून, तापलेल्या डांबरावरून वाड्याच्या रस्त्याने गेले. अंबाडी दोन किलोमीटरवर राहिली असताना इंजिनातून खडखड आली, मग फट् आवाज, मग काहीच नाही. उरलेले तेरा वीर दोन-तीन मिनिटं थांबले आणि जेवायला पुढे गेले. कारण अंबाडीत मटण सांगून ठेवलं होतं.

दीपेश गाडी ढकलत निघाला, हार अजून गळ्यात. तीनच्या सुमारास एका छोट्या टेम्पोतून गाडी आली ती काचेच्या हॉलकडे नाही, नागसेनच्या शेडकडे.

नागसेनने इंजिन उघडलं, पिस्टन काढला आणि उजेडाकडे धरला. मधोमध बोट जाईल एवढं भोक. त्यातून त्याने वर माझ्या गॅलरीकडे पाहिलं. एवढाच काय तो त्याने सूड घेतला.

गाडी दुरुस्त व्हायला आठ दिवस लागले. मग ती जुन्या रोलरवर चढली. पत्र्याखाली चाळीस डिग्री, चामडी पट्टे, घड्याळ, वही. मीही खाली उतरले होते.

“सतरा पॉइंट चार,” नागसेन म्हणाला. “पिस्टन नवा आहे. हजार किलोमीटर सावकाश चालवा, अजून पॉइंट दोन सुटतील.”

“अठरा लिही ना रे,” दीपेश सवयीने म्हणाला आणि स्वतःच ओशाळला. बूट घासत थोडा वेळ उभा राहिला. “उस्ताद, परत ये. मशीन धूळ खातंय. भाविकला काय जमत न्हाय.”

नागसेनच्या चेहऱ्यावर काय आलं ते मी पाहिलं. हॉलमधल्या त्या रोलरवर तळवा ठेवला होता तेव्हाचंच काहीतरी.

“येतो,” तो म्हणाला. “शटर उघडं ठेवायचं. आणि हॉलच्या भिंतीवर तो वीसचा कागद फ्रेम करून लावलाय म्हणतात, तो उतरवायचा.”

“बाबा पाव्हन्यांना दाखवतात तो,” दीपेश म्हणाला. “घरात सगळ्यांना म्हाईत हाय, आकडा खोटा हाय. पन उतरवला तर पाव्हनं बाबांना इचारतील ना, का उतरवला.”

“मग राहू दे. मी इथेच बरा.”

मला केसरीनाथशेठांचा राग आला आणि कीवही आली. आपल्याच हॉलमध्ये, आपल्याच पोराच्या बाबतीत, रोज पाहुण्यांसमोर एक खोटा आकडा वाचून दाखवायचा आणि चहा प्यायचा! आम्ही निदान रंग लावून खोटं बोलायचो आणि मध्यरात्री तो पुसायचो.

नागसेनने वहीचं पान फाडलं. त्यावर गाडीचा नंबर लिहिला, तारीख, शेडमधली गरमी, १७.४, आणि खाली सावकाश, पूर्ण नाव लिहून सही केली. आयुष्यातली पहिली. दीपेशने कागद घडी करून वरच्या खिशात ठेवायला घेतला.

“थांबा शेठ,” नागसेन म्हणाला. “ताई, तो तुम्ही वाचला होतात. हाही वाचा.”

मी कागद हातात घेतला. पदर खोचला, शेडच्या दाराशी येऊन उभी राहिले, एक क्षण थांबले आणि खालच्या पट्टीतून वर नेत, होता नव्हता तेवढा आवाज लावून म्हटलं, “सतरा पॉइंट चार!”

गल्लीतले लूम धडधडत होते. समोरच्या टपरीवरच्या माणसाने मान वर केली आणि विचारलं, “क्या हुआ, ताई? किसको बुलाया?”