काळ्या खड्ड्याची पाळ

खड्ड्यात मी कमरेपर्यंत उभी होते. वर चैत्राचं ऊन. सकाळपासून खड्ड्यातलं तेल काढून घशाला कोरड पडली होती. मालक विहिरीपाशी दोन पाहुण्यांशी बोलत उभे होते. मान वर न करता मी म्हणाले, "मालक, वाईच पाणी वाडता का वरून?"

मालकांनी ड्रायव्हरला खूण केली. तो मोटारीची चाकं पुसत होता. चाकं पुसून काळी झालेली बादली त्यानं उचलली आणि माझ्या डोक्यावर रिती केली. चिखल, रॉकेल, सोडा. डोळे पेटले. नाकातोंडात गेलं.

"झालं का पिऊन?" मालक म्हणाले. "आता तोंड उघडू नको."

ड्रायव्हर हसला. पाहुणे हसले. मीही हसले. डोळ्यांत रॉकेल गेलेलं असताना मी हसले, मालकांचा राग उतरावा म्हणून. आज इतकी वर्षं झाली, ती बादली विसरता येईल, ते हसू विसरता येत नाही.

ही गोष्ट मानवतची. निजामाचं राज्य होतं. मालकांचं कापसाचं जिनिंग होतं आणि आमच्या भागात मोटार होती ती त्यांचीच. दर आठवड्याला तिला अंघोळ घालायचे. विहिरीतून बादल्यांवर बादल्या शेंदायचे. त्या विहिरीच्या पायरीलाही आम्ही मांगवाड्यातल्यांनी शिवायचं नाही. आमची सावली पडली तरी ओरडायचे. तेच पाणी मोटारीच्या चाकांवरून वाहून खड्ड्यात आलं की मग ते आमचं. मग त्यात हात घालायचा, कमरेपर्यंत उतरायचं, त्याला कसलीच बंदी नव्हती.

खड्डा साफ करायचं काम सासऱ्यांचं. ते गेले, मग प्लेगात नवरा गेला, आणि काम माझ्याकडं आलं. सासऱ्यांनी शिकवलं तसंच मी करायची. एक दिवस खड्डा हलवायचा नाही. गाळ खाली बसतो, तेल वर येतं. मग जिनिंगातला टाकाऊ कवडी कापूस वर पसरायचा. तो तेल पितो. पिळून डब्यात भरलं की गाडीवाले चाकाच्या वंगणाला घेऊन जातात. खालचं पाणी बादलीनं काढून माळावर ओतायचं, उन्हात जिरवायचं. शेवटी गाळ टोपल्यानं वाहायचा, माळावरच पुरायचा, वर पांढरी माती ओढायची. तीन दिवस लागत. त्यात सासऱ्यांची एकच सक्त ताकीद होती. पाळ फोडायची नाही.

पाळ म्हणजे खड्ड्याचा नाल्याकडचा बांध. तो फोडला की खड्डा घटकाभरात रिकामा. पण खाली नाल्याच्या वाळूत आमचा झिरा होता. वाळू उकरून वाटीवाटीनं पाणी भरायचो. सबंध मांगवाडा त्या एका झिऱ्यावर जगत होता.

बादली ओतली त्याच दुपारी मालक म्हणाले, "उद्या जिल्ह्याचे तालुकदार साहेब येयलेत. आजच्या आज खड्डा रिकामा पायजे. पाळ फोड."

"मालक, खाली आमचा झिरा हाय. अजून दोन दिस द्या."

"तुमी काय गुलाबपाणी पिता व्हय? फोड म्हणलं ना. हुकूम हाय माझा."

मी खोरं उचललं. चार घावांत पाळ फुटली. काळं पाणी नाल्यात उतरताना मी बघत राहिले. कोणी माझा हात धरला नव्हता. कोणी गळ्यावर सुरी ठेवली नव्हती. ओल्या अंगानं, ओल्या डोक्यानं मीच फोडली.

घरी आत्याबाई, माझी सासू, तापानं फणफणत होती. सारखी पाणी मागायची. दुसऱ्या दिवशी झिऱ्यावर तेलाचा तवंग होता. लुगड्याचा पदर चार पदरी करून मी पाणी गाळलं. उकळलं. वास गेला नाही. वाटी ओठाला लावली तसं आत्याबाईनं तोंड फिरवलं.

"कशाचा वास गं हा?"

"तापानं तोंडाची चव गेलीया, आत्याबाई. घ्या दोन घोट."

तिनं घेतलं. माझ्यावर विश्वास होता तिचा. चौथ्या दिवशी ती गेली. पाण्यानं गेली असं मी म्हणत नाही, ताप होताच. पण तिच्या पोटात गेलेलं शेवटचं पाणी मोटारीच्या धुण्याचं होतं, आणि ते मी पाजलं, खोटं बोलून पाजलं.

तिला माती देऊन आले आणि झिऱ्यावर गेले. बाया वाळू उपसून बाहेर फेकत होत्या, खालून चांगलं पाणी लागतं का बघत होत्या. शिव्या देत होत्या. कोणाला द्यायच्या ते त्यांना ठाऊक नव्हतं.

मी म्हणाले, "म्या फोडली पाळ. मालकांनी सांगितलं अन् म्या फोडली."

मग शेजारची म्हातारी माझ्याजवळ आली, माझा उजवा हात उचलून बघितला आणि सोडून दिला. "झडला न्हाई का गं हा हात?" एवढंच म्हणाली. मालकांच्या बादलीनं जे झालं नव्हतं, ते त्या म्हातारीच्या बोलण्यानं झालं. मी वाळू उपसायला बसले. हुंदके देत उपसत राहिले.

पाळ मी पुन्हा बांधली होती. दगड घालून, काळी माती चोपून. महिन्यानं खड्डा भरला. मी कापूस पसरला आणि तेल चढायची वाट बघत थांबले. तेवढ्यात मालक पांढऱ्या शेरवानीत बाहेर आले. तालुकदार पुन्हा येणार होते, तासाभरात. खड्ड्याचं पाणी तुडुंब होऊन अंगणात पसरलं होतं.

"पाळ फोड. फौरन."

"न्हाई."

"काय म्हणलीस?"

"न्हाई फोडणार. तीन दिस लागत्यात. तीन दिस मोटार धुऊ नका."

त्यांनी ड्रायव्हरला हुकूम केला. खोरं माझ्या हातचं, तो शिवेना. जिनिंगातून दुसरं आणलं. तोवर मी पाळीवर जाऊन बसले होते, आडवे पाय पसरून. घाव घालायचा तर माझ्या अंगावरून घालायचा. मला ओढायचं तर हात लावावा लागणार. आणि हात लावला तर विटाळ. साहेब दारात येणार, आणि यांनी अंघोळीला पळायचं? मालक ड्रायव्हरकडं बघत होते, ड्रायव्हर मालकांकडं. जन्मभर ज्या विटाळानं मला विहिरीपासून लांब ठेवलं, त्यानंच त्या दिवशी त्यांना माझ्यापासून लांब ठेवलं. मला हसू आलं. या वेळचं हसू माझं होतं.

मग दगड आले. एक खांद्याला लागला, एक कपाळाला. रक्त डोळ्यांत उतरलं. मी उठले नाही.

"पाणी मारा तिच्यावर!" मालक ओरडले. "उठली पायजे ती!"

ड्रायव्हरनं विहिरीतून शेंदून बादली फेकली. मग दुसरी. मग तिसरी. गार, स्वच्छ पाणी. त्या विहिरीचं पाणी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या अंगावर आलं. रक्ताबरोबर ओठांवर उतरलं. मी जिभेनं चाटलं.

गोड होतं. आत्याबाईला एक वाटी मिळाली असती तर, एवढंच डोक्यात आलं, आणि मी पाळीची माती मुठीत घट्ट धरली.

तालुकदारांच्या मोटारीचा भोंगा वाजला तसे मालक आत गेले. तुंबलेलं पाणी त्यांच्या अंगणात तसंच राहिलं. दुसऱ्या दिवशी माझं काम गेलं. चार दिवसांनी माझं खोपट मोडून टाकलं. खड्ड्यात उतरायला मांगवाड्यातून कोणी गेलं नाही. पाळ काय असते ते आता सगळ्यांना ठाऊक होतं.

निजाम गेला. मालकांनी शेरवानी उतरवून खादीची टोपी घातली. विहीर तिथंच आहे, तिची पायरीही.

पाळ मी पुन्हा फोडणार नाही, कोणाचंही राज्य असो. आणि त्या विहिरीचं पाणी मला पाहिजे. अंगावर फेकलेलं नको. वरून ओंजळीत वाढलेलंही नको. मी त्या पायरीवर चढणार आहे, दोर माझ्या हातात घेणार आहे आणि माझं पाणी मी शेंदणार आहे. दगड त्यांच्याकडं आहेतच. कपाळ माझं आहे.